विदूषक मासा केवढा होतो?

मासा विकत घेतांना दुकानदारास विचारावयाचा पहिला प्रश्न त्याची किंमत हा नव्हे. तो पुढें केवढा होणार, हा होय. ही साधी गोष्ट आम्हांस दोन वर्षांनीं, आणि एका माशाचा प्राण गेल्यावर कळली. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं मुलांच्या हट्टापायीं काचेची पेटी येऊन बसली आहे किंवा येऊं घातली आहे, त्यांच्या उपयोगीं पडावी म्हणून ती हकीकत, व तिच्या अनुषंगानें या माशाच्या वाढीसंबंधानें जें वाचावयास मिळालें तें, येथें देत आहों.

आम्ही नागापुरास राहतों. नगरच्या (सरकारदरबारीं २०२४ पासून अहिल्यानगरच्या) उत्तरेस सीना नदीकांठचें हें गांव आतां औद्योगिक वसाहतीच्या नांवानेंच बाहेर ओळखलें जातें. येथून मुंबईचा समुद्र रस्त्यानें अडीचशें किलोमीटरांच्या घरांत. आमच्या विंधनविहिरीचें पाणी इतकें जड कीं त्यांत डाळ शिजत नाहीं. अशा ठिकाणीं प्रवाळांच्या बेटांतला मासा पाळावा ही कल्पना आमच्या पुतण्याची. तो वसाहतींतल्या एका कारखान्यांत नोकरीस आहे. २०२१ च्या दिवाळींत त्यानें पुण्याहून शंभर लिटरांची पेटी आणिली. पेटी दिवाळींत आली तरी मासे मार्गशीर्षांत आले. कारण माशाच्या मलमूत्रांतलें विष पचविणारे सूक्ष्म जंतु पाण्यांत तयार व्हावयास महिना दीड महिना जाऊं द्यावा लागतो. ही घाई न करण्याची बुद्धि पुतण्यास कोणी दिली तें ठाऊक नाहीं, परंतु तेवढें एक त्यानें बरोबर केलें.

घरांत मासा येणार हें ऐकून आमच्या मातोश्रींनीं जें म्हणावयाचें तें म्हटलें. त्यांचें वय आज अठ्ठ्याऐंशी आहे व त्यांच्या हयातींत या घराच्या उंबऱ्याआंत मासळी आलेली नाहीं. परंतु पेटींतला दिवा लागला आणि पाण्यांत ते दोन केशरी जीव पोहूं लागले, तेव्हां सर्वांत आधीं खुर्ची मांडली गेली ती त्यांचीच. खरा वाद झाला तो माशांच्या आहारावरून. कोळंबीच्या वर्गांतले अगदीं बारीक जीव गोठवून त्यांच्या वड्या विकावयास येतात. त्या स्वयंपाकघरांतल्या शीतकपाटांत नैवेद्याच्या दुधाशेजारीं ठेवावयाच्या कीं काय, यावर दोन दिवस घरांत कोणी कोणाशीं सरळ बोलत नव्हतें. अखेर पुतण्यानें एक जुनें लहानसें कपाट विकत आणून जिन्याखालीं लाविलें. एकत्र कुटुंबांतले बरेच प्रश्न जिन्याखालींच सुटतात.

मिठाचाहि असाच प्रश्न निघाला. समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे आमच्या पेटीस साडेतीन किलो. भावजयीनें विचारलें, मग घरचें खडेमीठ काय वाईट? प्रश्न रास्त होता. परंतु मिठागरांत मिठाचे खडे जमतात तेव्हां समुद्रांतलें बरेंचसें मॅग्नेशियम मागें उरणाऱ्या कडवट पाण्याबरोबर निघून जातें, आणि हातीं येतें तें बहुतांशीं एकच लवण. माशाला समुद्र पाहिजे असतो, नुसता खारटपणा नव्हे. म्हणून शुद्ध केलेल्या पाण्यांत, समुद्रांतले सर्व क्षार ज्यांत ठराविक प्रमाणांत आहेत असें तयार मिश्रण घालावें लागतें. शिवाय वाफ होते ती पाण्याची, मिठाची नव्हे. तेव्हां पेटींतलें पाणी आटलें तर भर घालावयाची ती गोड्या पाण्याची. आम्हीं प्रथम खाऱ्याचीच भर घातली होती. सुदैवानें त्या वेळीं पेटींत मासे नव्हते.

आतां माशाकडे वळूं. इंग्रजींत ज्यास क्लाउनफिश म्हणतात त्याचा मराठी वर्तमानपत्रांनीं विदूषक मासा केला आहे. केशरी अंग, त्यावर काळ्या कडांचे तीन पांढरे पट्टे, आणि पोहण्यांत एक प्रकारचें हेलकावणें, यांवरून मूळ नांव पडलें असावें. संस्कृत नाटकांतला विदूषक खुजा असावा असा नाट्यशास्त्राचा संकेत आहे. त्या दृष्टीनें हें भाषांतर मूळ नांवाहूनहि सरस उतरलें आहे, कारण या माशाची सारी कथा खुजेपणाचीच आहे. त्याच्या सुमारें तीस जाति आहेत. घरोघर दिसते ती अँफिप्रिऑन ओसेलॅरिस ही. समुद्रांत हा मासा समुद्रफुलाच्या आश्रयानें राहतो. समुद्रफूल हें नांवाचें फूल. वस्तुतः तो खडकास चिकटून बसणारा प्राणी असून त्याच्या बोटांसारख्या शुंडांत डंख असतो. इतर लहान मासे त्या डंखानें मरतात. विदूषक माशाच्या अंगावरील बुळबुळीत थरामुळें त्यास तो बाधत नाहीं, आणि इतर शत्रु त्या काट्यांच्या कुंपणांत शिरत नाहींत. हें कुंपण सोडून तो फार दूर गेला तर मात्र त्याची धडगत नसते. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

आमचे दोन्ही मासे समुद्रांतून धरलेले नव्हते, उबवणी केंद्रांत जन्मलेले होते. या माशाची पैदास आपल्या देशांत आतां नवी राहिलेली नाहीं. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या केरळांतील विळिंजम येथील केंद्रानें ती साधिली. आणि आपल्या महाराष्ट्रांत ऐरोलीस, खाडीकांठीं, कांदळवन कक्षाच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रांत शोभेच्या सागरी माशांचें उबवणी केंद्र उभें राहिलें आहे. किनाऱ्यावरच्या कुटुंबांनीं हीं पिलें वाढवून विकावीं व प्रवाळांची लूट थांबावी, हा त्यांतला हेतु. आम्हांस तो पटतो. डोंगर चढून नगर जिल्ह्यांत यावयाचेंच असेल तर माशानें समुद्रास न उजाडतां यावें.

मादी खडकाच्या सपाट भागावर एका वेळीं कांहीं शें अंडीं घालते, आणि तेथून पुढचें सर्व सूतक-सोयर नराकडे. तो पंखांनीं अंड्यांवर पाण्याचा झोत फिरवीत राहतो व खराब झालेलीं अंडीं तोंडानें वेंचून टाकतो. सातआठ दिवसांनीं, रात्रीं अंधार पडल्यावर, पिलें बाहेर येतात. त्यांची लांबी तीन ते चार मिलिमीटर, म्हणजे तिळाएवढी. पहिले दहाबारा दिवस तीं उघड्या पाण्यांत तरंगत असतात व त्यांतलीं बहुतेक इतरांच्या पोटांत जातात. मग अंगावर पट्टे उमटूं लागतात आणि पिलूं तळाकडे घर शोधावयास निघतें. तीन महिन्यांच्या सुमारास तें अडीच सेंटिमीटरांचें होतें, व याच वयांत तें दुकानांत येतें. म्हणजे आपण जें पाहून भुलतों तें बाळ असतें. आपल्या घरीं राहणार असतो तो प्रौढ मासा आपण पाहिलेलाच नसतो.

आम्हीं जन्मभर प्राथमिक शाळेंत मुलांस मोजमाप शिकविलें. वही घातल्यावांचून राहवेना. काचेस बाहेरून आलेखाच्या कागदाची पट्टी चिकटविली. यांत एक ठकवणूक आहे ती सांगितली पाहिजे. पाण्यांतली वस्तु आहे त्याहून जवळ, म्हणून मोठी भासते. मासा पेटीच्या मागच्या बाजूस असतांना पुढच्या पट्टीवर घेतलेलें माप चुकलेंच म्हणून समजावें. तो काचेस अगदीं लागून आडवा जाईल तेवढाच क्षण उपयोगाचा. ही संधि दिवसांतून दोनदां, दाणा टाकतांना येते. दुसरें असें कीं शास्त्रज्ञ पुष्कळदां नाकापासून शेंपटीच्या मुळापर्यंत मोजतात, दुकानदार शेंपटीच्या टोंकापर्यंत, आणि पुस्तकांत कधीं हें कधीं तें माप दिलेलें असतें. माशांच्या आकाराविषयीं लोकांत जें भांडण चालतें त्यांतलें निम्में शेंपटीचें आहे. आमचीं मापें शेंपटीसकट आहेत.

१८ डिसेंबर २०२१ ची नोंद: दोन्ही अडीच सेंटिमीटर. त्या दिवशीं कोणता कोणता तें ओळखतां येत नव्हतें. पुढील जूनमध्यें एक ४.२, दुसरा ३.६. घरांत त्यांचीं नांवें थोरला आणि धाकटा अशीं पडलीं. २०२२ च्या डिसेंबरांत थोरला ६.२, धाकटा ५.२. २०२३ च्या गुढीपाडव्यास थोरला ७.१ आणि धाकटा ५.३. त्यानंतर धाकटा ५.३ वर जो बसला तो बसला. थोरला सामोरा आला म्हणजे तो अंग थरथरवून एका कुशीवर कलत असे. आमचा अकरा वर्षांचा नातू (पुतण्याचा मुलगा) तें पाहून हंसे. मातोश्रींस हंसूं येत नसे.

घरांत मतें पडलीं. मातोश्रींचें म्हणणें, थोरला धाकट्याच्या तोंडचा घास हिसकतो. आमचे धाकटे बंधु शेती पाहतात. ते म्हणाले, एका वाफ्यांतलीं दोन रोपें सारखीं येत नाहींत, वाण हलका असेल. पुतण्यानें दुकानांत दूरध्वनि केला. तेथून उत्तर आलें कीं मासा पेटीएवढाच वाढतो. तुमच्या पेटींत एकाच मोठ्या माशाची जागा आहे, तेव्हां दुसरी पेटी न्यावी. दुसरी पेटी विकणाराच तो सल्ला देत होता हें आमच्या ध्यानांत आलें होतें. तरीहि आम्हीं तो मानला, आणि तो मानण्यास आमची पोथी कारण झाली.

मनूची गोष्ट वाचकांस ठाऊक असेल. शतपथब्राह्मणांत ती आहे व महाभारताच्या वनपर्वांत विस्तारानें आली आहे. ओंजळींत एक चिमुकला मासा येतो, मोठ्या माशांपासून राख म्हणतो. मनु त्यास घटांत ठेवितो, घट पुरेनासा होतो. मग मोठ्या जलाशयांत, आणि सरतेशेवटीं समुद्रांत. घट वाढवावा तसा मासा वाढतो. ही कथा आम्हीं वर्गांत कित्येक वेळां सांगितली असेल. मग आमच्या धाकट्यासच घट लहान पडत असला पाहिजे, असें मनानें घेतलें. वास्तविक कथेंतला मासा घटाच्या मापानें थांबत नाहीं, घटास न जुमानतां वाढतो, हें इतक्या वर्षांत आमच्या ध्यानांत आलें नव्हतें. लहान भांड्यांत ठेविलेला मासा खुरटतो हें खरें, परंतु तो भांड्याशीं जुळवून घेतो म्हणून नव्हे. पाणी थोडें असलें कीं त्याचीच घाण त्यास भोंवते, तो आजारी राहतो आणि लवकर मरतो. काचेच्या गोल वाडग्यांत विकला जाणारा सोनमासा मोकळ्या तळ्यांत वीतभर सहज होतो. वाडग्यांत तो बोटाएवढा राहिला तर त्यास बेतशीर म्हणूं नये, रोगी म्हणावें. आमच्या पेटींत धाकटा रोगी नव्हता. त्याचा रंग तजेलदार होता, तो खात होता. पण तें आम्हीं पाहिलें नाहीं.

२०२३ च्या जुलईंत चाळीस लिटरांची दुसरी पेटी आली व धाकटा तिच्यांत गेला. आणि काय चमत्कार! पाडव्यापासून हललें नव्हतें तें माप हललें. दसऱ्यास ६.१, डिसेंबरअखेर ६.९. मातोश्री म्हणाल्या, बघा, पोटभर मिळालें म्हणजे कसें होतें. आमच्या वहींत त्या आंकड्याखालीं दोन रेघा आहेत. फेब्रुवारींत तो ७.२ झाला, थोरला तेव्हां ७.६. आतां दोघे बरोबरीचे झाले, कोणी कोणास दडपणार नाहीं, शिवाय लहान पेटीचा पंप वारंवार बंद पडूं लागला होता. म्हणून १४ फेब्रुवारी २०२४ रोजीं, वसंतपंचमीस, आम्हीं आपल्या हातानें धाकट्यास मोठ्या पेटींत सोडिलें.

पाव तासाच्या आंत दोघांनीं एकमेकांचे जबडे धरले. धाकटा आतां थरथरला नाहीं, कुशीवर कलला नाहीं. तो सरळ अंगावर गेला. पंखांच्या चिंध्या झाल्या. नातू म्हणाला, आजोबा, त्याला काढा. आम्हीं म्हटलें, बरेच दिवसांनीं भेटले आहेत, रात्रभरांत निवळेल. शाळेंतहि पहिल्या दिवशीं असेंच होतें. पेटीचा दिवा मालवून आम्ही निजावयास गेलों. सकाळीं धाकटा गाळणीच्या नळीमागें अडकून पडला होता. एक डोळा नव्हता. नातू त्या दिवशीं शाळेस गेला नाहीं, आणि मातोश्रींनीं पेटीसमोरची खुर्ची उचलवून देवघराकडे नेवविली. त्या आम्हांस कांहीं बोलल्या नाहींत.

पुढें उन्हाळ्याच्या सुटींत पुतण्यानें व आम्हीं मिळून या विषयावरचें जें मिळेल तें वाचून काढिलें. इंग्रजी आम्हांस मॅट्रिकपुरतें येतें. जें अडलें तें त्यानें सांगितलें. तेव्हां कळलें कीं आमच्या पेटींत जें घडत होतें त्यावर पीटर बस्टन या शास्त्रज्ञानें २००३ सालींच 'नेचर' या नियतकालिकांत निबंध लिहिला आहे. पापुआ न्यू गिनींतील मदांगच्या खाजणांत, याच माशाच्या सख्ख्या भावकींतल्या पर्क्युला जातीवर त्यांनीं निरीक्षणें केलीं. एका समुद्रफुलांत या माशांचें एक लहानसें बिऱ्हाड असतें. सर्वांत मोठी ती मादी. तिच्या खालचा नर. त्याच्या खालीं तीन चार अविवाहित मंडळी, प्रत्येक वरच्यापेक्षां ठराविक अंतरानें लहान. हें अंतर साधारण असें कीं खालचा वरच्याच्या चार-पंचमांशांच्या आसपास असतो. आणि हें अंतर अन्नाच्या तुटवड्यानें पडत नाहीं. खालचा मासा आपली वाढ आपणच आवरतो. कां? तर तो वरच्याच्या मापास पोंचूं लागला कीं वरच्यास तो प्रतिस्पर्धी वाटतो, मग झुंज होते, आणि हरलेल्यास समुद्रफुलाबाहेर हांकलून दिलें जातें. कुंपणाबाहेर काय होतें तें वर सांगितलेंच आहे. लहान राहणें हाच त्याचा जगण्याचा परवाना. वरचा कोणी मेला किंवा त्यास काढून नेलें, तर खालचा वाढूं लागतो, रिकाम्या जागेच्या मापापर्यंत वाढतो, आणि पुन्हां थांबतो.

आमच्या वहींतले आंकडे काढून भागाकार केला. ७.१ ला ५.३: पाऊण. आम्ही ज्यास उपासमार समजलों तो त्या दोघांतला करार होता, आणि तो बिनतक्रार पाळला जात होता. कुशीवर कलून थरथरणें हें भय नव्हतें, निदान नुसतें भय नव्हतें. तें 'मी तुझ्याहून लहान आहें' असें रोज सांगणें होतें.

यापुढची गोष्ट अधिक विलक्षण आहे. हे मासे सर्वच प्रथम नर होण्याच्या वाटेवर असतात, व बिऱ्हाडांतला जो मुख्य होतो तो मादी बनतो. मादी मेली कीं तिचा नर कांहीं आठवड्यांत मादी होऊं लागतो आणि खालच्यांतला मोठा तो नराच्या जागीं येतो. हान्स व सिमोन फ्रिक या संशोधकांनीं १९७७ सालीं हें प्रसिद्ध केलें. म्हणजे आमचा थोरला हा थोरला नव्हताच, थोरली होती. धाकट्यास आम्हीं सात महिने एकटें ठेविलें. त्याच्यावर कोणी नव्हतें, तेव्हां तो आपल्या चाळीस लिटरांच्या राज्याचा मुख्य झाला, वाढला, आणि बहुधा मादीहि झाला. मग आम्हीं एका सिंहासनावर दोन राण्या बसविल्या आणि दिवा मालवून निजावयास गेलों. २००३ सालच्या ज्या प्रसिद्ध चित्रपटानें हा मासा जगांतल्या मुलांच्या तोंडीं बसविला, त्यांत आई मेल्यावर बाप पोरास शोधीत समुद्रभर फिरतो. निसर्गांत त्या बापाची कालांतरानें आई झाली असती. नातवास हें सांगितलें तेव्हां धाकट्याच्या मृत्यूनंतर तो प्रथमच पेटीजवळ जाऊन उभा राहिला.

हा मजकूर लिहून झाल्यावर आम्हीं घरांत वाचून दाखविला. बंधु ऐकत होते. आम्ही अकरावी होऊन शिक्षकाच्या शिक्षणास गेलों त्या वर्षीं ते नववींत होते व गणितांत आमच्यापेक्षां सरस होते; वडिलांच्या मागें शेत पाहावयास कोणी हवें म्हणून ते शाळेंतून निघाले. 'वाढ आपणच आवरतो' या वाक्याशीं ते उठून गोठ्याकडे गेले. माशांवरून माणसांचे नियम काढूं नयेत असें आमचें मत आहे व तें आम्ही बदलूं इच्छीत नाहीं. परंतु घडलें तें लिहिलें.

असो. ज्यांस हा मासा घ्यावयाचा आहे त्यांनीं काय धरून चालावें? ओसेलॅरिस जातीची कमाल लांबी ११ सेंटिमीटर नोंदलेली आहे; घरच्या पेटींतली मादी बहुधा आठनऊ सेंटिमीटरांवर थांबते व नर सहासातांवर. पहिल्या वर्षांत वाढ झपाट्यानें, मग मंद. मासा प्रौढ व्हावयास वर्ष दीड वर्ष लागतें. याच कुळांतल्या गर्द तांबड्या, मरून म्हणून विकल्या जाणाऱ्या जातीची मादी मात्र १७ सेंटिमीटरांपर्यंत जाते आणि स्वभावानें तिखट असते. दोन घ्यावयाचे तर दोन्ही कोंवळे, आणि शक्यतों एक दुसऱ्याहून लहान पाहून घ्यावे. एकदां जोडी जमली कीं मोडूं नये. वयाचाहि विचार करावा: पर्क्युला जातीची मादी समुद्रांत तीस वर्षांच्या घरांत जगूं शकते असा शास्त्रज्ञांचा अदमास आहे. पेटींत तितकी नाहीं तरी बरीच वर्षें ती घरांतलें माणूस होऊन राहते.

खरी फसगत होते ती दुसऱ्याच एका माशांत. त्याच चित्रपटांत जो निळा विसरभोळा मासा आहे, तो दुकानांत पांच सेंटिमीटरांचा, रुपयाच्या नाण्यासारखा गोल, मुलांच्या बोटाबरोबर काचेवर फिरणारा असा मिळतो. तो प्रौढपणीं तीस सेंटिमीटर होतो, आणि लांब पल्ल्याचा पोहणारा आहे. त्यास कित्येक शें लिटरांची पेटी पाहिजे. आमच्या नातवानें तो मागितला होता. आम्हीं फूटपट्टी काढून पेटीस आडवी लाविली आणि म्हटलें, एवढा होणार, आतां याला वळावयास जागा कोठें आहे तें दाखव. त्यानें दाखविली नाहीं.

एक नोंद राहिली. आमच्या वहींत २०२३ च्या मे महिन्यांत एक खोडलेली ओळ आहे. नगरचा उन्हाळा त्या आठवड्यांत चाळिशीवर होता, पंखा लावूनहि पेटींतलें पाणी तीस अंशांखालीं येत नव्हतें. आणि थोरली जी आधीं ७.३ होती ती ७.१ भरली. हाडामासाचा प्राणी आंखूड होत नाहीं, तेव्हां चूक आपल्या डोळ्यांची, असें ठरवून आम्हीं ती ओळ खोडली, जशी वर्गांतल्या मुलाची खोडली असती. २०२५ च्या मे महिन्यांत पुतण्यानें एक बातमी वाचून दाखविली. इंग्लंडांतील न्यूकॅसल विद्यापीठाच्या संशोधकांनीं पापुआ न्यू गिनींतल्या किंबे उपसागरांत, २०२३ च्या सागरी उष्णतेच्या लाटेंत, १३४ विदूषक मासे पांच महिने दर महिन्यास मोजले. त्यांतले शंभराहून अधिक एकदां तरी आंखूड झाले होते. नुसते रोडावले नव्हते, लांबीनें घटले होते, आणि जे घटले त्यांच्या जगण्याचा संभव अधिक होता. नवराबायको बरोबर घटलीं तर तो आणखी अधिक. आमच्या पट्टीवर दोन मिलिमीटरांचा फरक हा खरोखर डोळ्यांचा दोष असूं शकतो, व आम्ही त्याचा कांहीं दावा करीत नाहीं. परंतु ती ओळ आम्हीं खोडावयास नको होती. शाईनें खोडल्यामुळें तारीख आतां वाचतां येत नाहीं.

थोरली जवळजवळ दहा महिने एकटी होती. २०२४ च्या डिसेंबरांत तिच्यासाठीं २.४ सेंटिमीटरांचें एक पिलूं आणिलें. पहिले चार दिवस तें जाळीच्या पिंजऱ्यांत ठेविलें, मग सोडिलें. आम्ही त्या रात्रीं दिवा मालविला नाहीं. पहांटेपर्यंत पाळीपाळीनें बसलों, त्यांत बंधूहि होते. थोरली दोनदां धांवून गेली. पिलूं एका कुशीवर कललें आणि थरथरलें. ती परत फिरली.

मातोश्रींची खुर्ची पुन्हां पेटीसमोर आली आहे. पिलाचें नांव नातवानें पुन्हां धाकटाच ठेविलें. गेल्या दोन महिन्यांत त्याचें माप हललेलें नाहीं, आणि तें पाहून मातोश्री आमच्याकडे पाहतात. कालची नोंद: थोरली ८.३, धाकटा ५.१.